बेबाबाईची वरची दाढ

रावेरच्या पलीकडे, सातपुड्याच्या अंगाला केळीची गावं आहेत, त्यातल्या एका गावात बेबाबाई राहायची. तिच्या हातच्या मांड्यांचं नाव आसपासच्या पाच-सात गावांत होतं. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी बेबाबाईच्या दारात जातो आणि मग पत्रिका छापायला, असं लोक म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा होती, पण फार नाही. चुलीवर पालथं घातलेलं खापर तापलं की ती पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची. तो मांडा पार कोपरापर्यंत यायचा, पण कुठे फाटायचा नाही. मग खापरावर ओणवी होऊन ती तो अलगद सोडून द्यायची. लग्नघरी दहा-बारा बायका जमायच्या, पण खापराजवळची जागा तिची. तिथे दुसरी कुणी दिसली तर लोक विचारायचे, बेबाबाई आजारी आहे का म्हणून.

तिचा नवरा झुलाल केळी कापायच्या टोळीत होता. घड खांद्यावर घ्यायचा, बांधापर्यंत न्यायचा, ट्रकमध्ये रचायचा. केळीचा चीक कापडाला लागला की काळा पडतो आणि मग काही केल्या निघत नाही, त्यामुळे त्याचा एकही सदरा खांद्यावर धड नव्हता. बोलायला अगदी कमी. संध्याकाळी दाराशी बसून बिडी ओढायचा, आणि बेबाबाई आत भाकरी थापता थापता गावातलं सगळं त्याला सांगायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणी कुणाला काय म्हटलं. तो हूं हूं करत ऐकायचा. एखादा दिवस ती गप्प राहिली तर उठून चुलीपाशी यायचा आणि विचारायचा, आज काही झालं नाही का गावात. त्या दोघांचं एवढंच सुख होतं, आणि ते चांगलं होतं.

एकोणीसशे ऐंशीच्या उन्हाळ्यात बेबाबाईची उजवीकडची वरची दाढ ठणकायला लागली. तिने लवंग धरली, मिसरी धरली, गाल शेकला. काढून टाक, असं झुलाल म्हणाला. तिने साफ नाही म्हटलं. तिच्या आईची वरची दाढ अशीच बाजारात बसणाऱ्या एका दात काढणाऱ्याने उपटली होती, आणि वर्षाच्या आत आईला दिसेनासं झालं होतं. तो मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत होता, आणि दाढ एकीकडचीच होती. पण एवढा विचार करायला कुणाला सवड होती? खालची दाढ खुशाल काढावी, वरची काढली की डोळा जातो, हे बेबाबाईला लहानपणापासून माहीत होतं, आणि आईला हाताला धरून परसाकडे नेताना तिने ते स्वतः पाहिलं होतं.

दोन-तीन महिने ठणकून दाढ एके दिवशी आपोआप शांत झाली. मेली होती ती, पण हे तिला कोण सांगणार. तिने देवीला नारळ वाहिला.

त्या हिवाळ्यात एका लग्नघरी ती मांडा सोडायला खापरावर ओणवली आणि तिच्या नाकात घाण आली. काहीतरी सडल्याचा वास, एकदम भपकन. पाठोपाठ उजव्या नाकपुडीतून पिवळा थेंब ओघळला. तिने पदराने तो टिपला, मांड्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. देवाधर्माचं अन्न, शे-दोनशे माणसांचं जेवण, आणि आपल्या नाकातून ही घाण. चक्कर येते असं सांगून ती उठली, आणि उरलेले मांडे तिच्या जावेने जमतील तसे केले.

मग तो वास गेलाच नाही. सकाळी कमी असायचा, वाकलं की उसळायचा. केर काढताना, धुणं धुताना, देवापुढे डोकं टेकताना. घशात कडवट काहीतरी उतरत राहायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. वैद्याने पीनस म्हणून नाकात सोडायला तेल दिलं. दोघांपैकी कुणीही तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. दाढेचं तीही बोलली नाही, कारण दाढ दुखतच नव्हती.

हा वास दुसऱ्यांना येतो का, हे विचारायचं कसं? माझी घाण येते का हो, असं कुठल्या तोंडाने विचारणार. एके दुपारी ती सासूजवळ निवडायला बसली होती. तिने आडून विचारलं, "आत्याबाई, इथी काही सडल्यावानी वास येतो का हो?"

सासू म्हणाली, "येतो तं. किती दिवसापासून येऊ राह्यला. मी म्हनलं, आता कोनाले काय सांगाव."

घराच्या मागे शेजाऱ्याने घड कापून झालेल्या केळीच्या खांबांचा ढीग टाकला होता. पावसात भिजून तो कुजत होता आणि अर्ध्या गल्लीत त्याची घाण पसरली होती. सासू त्याबद्दल बोलत होती. शेजारी भाऊबंद, म्हणून कुणाला काय सांगावं. बेबाबाईला तो ढीग रोज दिसत होता. पण त्या घटकेला तिला आपल्या नाकाशिवाय काही सुचत नव्हतं. सासू किती दिवसांपासून सोसते आहे आणि बोलत नाही, एवढंच तिने ऐकलं. ती उठून न्हाणीत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

त्या दिवसापासून बेबाबाई बदलली. मांड्यांचं बोलावणं आलं की कंबर धरली आहे म्हणायची. बायका दळायला, पापडाला बोलवायच्या, ती जायची नाही. कुणी बोलायला आलं तर पदर नाकावर ओढून दोन हात लांब उभी राहायची आणि तुटक उत्तर द्यायची. लोकांनी वर्ष-दीड वर्ष वाट पाहिली, मग बोलावणं बंद केलं. खापराजवळ आता तिची जाऊ बसू लागली. जावेचे मांडे जाड व्हायचे, पण लोक खायचे.

घरातही तेच झालं. तिने आपलं अंथरूण सासूच्या खाटेजवळ नेलं. म्हाताऱ्या माणसाला सोबत लागते म्हणाली. झुलाल दाराशी बसायचा तेव्हा ती चुलीकडे तोंड करून गप्प भाकरी थापायची, कारण बोलायचं म्हणजे तोंड उघडायचं. तो उठून जवळ आला की ही पदर नाकावर घेऊन मागच्या दारी जायची. दोन-चारदा तो मागे आला. मग यायचा थांबला. काही महिन्यांनी त्याने बिडी सोडली. कापणीवरून तो आता ओल्या केसांनी घरी यायचा, पौषातसुद्धा. आपली खाट त्याने अंगणात टाकली. बेबाबाईने ते पाहिलं आणि तिला वाटलं, आता यालाही सहन होत नाही. तिला त्याचा राग आला नाही. एवढी वर्षं सोसलं हेच पुष्कळ, असं तिच्या मनात आलं.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. सासू गेली, मुलगा मगन मोठा झाला. एकोणनव्वदच्या पावसाळ्यात झुलालला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. शेवटचे आठ दिवस बेबाबाई त्याच्या खाटेजवळून हलली नाही, पण बसायची ती पायथ्याशी. मरणाच्या दारातल्या माणसाच्या तोंडाजवळ ही घाण कशाला न्यायची. तो तिच्याकडे बघत राहायचा. एकदा तिला राहवलं नाही, ती त्याच्या उशाशी सरकली आणि सवयीने पदर नाकावर गेला. त्याने हाताने तिला थांबवलं.

"लांब बस," तो म्हणाला. "उगाच तरास व्हईन."

ती परत पायथ्याशी गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. जाता जाताही आपला वास त्याला नकोसा झाला, हे ती मनात घेऊन बसली, आणि पुढची तीन वर्षं ती कुणाशी चार शब्दांवर पाचवा बोलली नाही. मगनची बायको बाळंत झाली. नातू झाला, तर त्याला तिने मांडीवरसुद्धा घेतलं नाही.

ब्याण्णवच्या माघात तिचा उजवा गाल सुजला. सूज चढत चढत डोळ्याखाली आली आणि एके सकाळी डोळा उघडेना. मगन घाबरला. तो तिला एस.टी.त घालून जळगावला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. वाटेत बेबाबाई त्याला म्हणाली, "डोया जाईनच आता. तं दाढबी जाऊ दे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी फोटो काढला आणि उजेडापुढे धरून दाखवला. "मावशी, गालाच्या हाडात आत एक पोकळी असते, प्रत्येकाच्या. दोन्ही बाजूंना. तिच्यात नुसती हवा. या वरच्या मागच्या दाढांची मुळं आहेत ना, ती थेट त्या पोकळीच्या तळाला जाऊन टेकतात. मध्ये हाडाचा पापुद्रा, कागदाएवढा. कुणाला तेवढाही नसतो. तुमची दाढ आत सडली, पू खाली यायच्या ऐवजी वर पोकळीत गेला. आणि त्या पोकळीचं नाकात उघडणारं तोंड वरच्या बाजूला असतं, तळाला नाही. म्हणून उभं राहिलात की साठतो, वाकलात की नाकात सांडतो."

बेबाबाईने फोटोतला तो पांढुरका डाग पाहिला. डाव्या गालात काळं, उजव्या गालात पांढरं. इतकी वर्षं आपण ज्याला पाप समजलो ते एवढंसं होतं, हे तिला पटायला वेळ लागला.

"आन् डोया?"

"पोकळीचं छत म्हणजे डोळ्याचा तळ. म्हणजे तुमचा डोळा या दाढेच्या शेजारी आहे खराच. पण धोका दाढ काढण्यात नाही मावशी, ठेवण्यात होता. काढली असती तर बारा वर्षांपूर्वीच सुटला असतात." सूज उतरायचं औषध लिहिता लिहिता त्या आणखी म्हणाल्या, "घाण वास येत असेल ना? तो बहुतेक ज्याचा त्यालाच येतो. बाजूच्याला कळतही नाही." बेबाबाईला वाटलं, बाई मायाळू आहे, मन राखायला बोलते.

सूज उतरल्यावर दाढ काढली. तिची तीनही मुळं काळी पडली होती. मागे भोक राहिलं. चार दिवस चहा प्यायला की नाकातून यायचा. मग बाईंनी पोकळी धुऊन काढली आणि हिरडी ओढून भोक शिवलं. डोळा होता तसा राहिला. महिन्याभराने एका सकाळी बेबाबाई चहा गाळत होती आणि तिला आल्याचा वास आला. ती गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली. मग वाकली, अगदी जमिनीपर्यंत. काही आलं नाही. तिने पाळण्यातल्या नातवाला उचललं आणि त्याच्या टाळूवर नाक ठेवलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, झुलालची बहीण लताबाई पहूरहून माहेरी आली. भाऊ नव्हता, तरी यायची. आंब्याचा रस काढायला दोघी समोरासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. लताबाईला नवल वाटलं. बेबाबाईच्या पोटात मावेना. दाढ, पोकळी, सगळं तिने सांगितलं आणि म्हणाली, "बाई, इतकी वर्सं तुम्ही साऱ्यांनी माहा वास सोसला. कोनी तोंडावर बोललं नाही. तुमचे उपकार हायेत."

"कसाचा वास?" लताबाई म्हणाली.

"माह्या नाकाचा."

"तुहा कुठी वास येत व्हता? काही बी बोलती." लताबाईने हातातली कोय टोपलीत टाकली. "आम्हाले वाटे, तुले गर्व झाला मांड्याचा. पदर काय नाकाले लावे, तोंड काय फिरवे. जसा आमचाच वास येऊ राह्यला तुले."

बेबाबाईने सासूचं ते दुपारचं बोलणं सांगितलं. लताबाई क्षणभर आठवत राहिली आणि म्हणाली, खांबांच्या ढिगाचं बोलली असेल आई, त्या साली त्यावरून भाऊबंदांत भांडणं झाली होती. मग तिचं तोंड उतरलं. पुढचं बोलावं की नाही असं तिला झालं असावं, पण ती बोलली.

"दादालेबी तसंच वाटे वं. मले म्हने, तिले माहा वास सहन नाही व्हत. चिकाचा, घामाचा. बिडी त्यानं म्हनूनच सोडली. थंडीतबी पाटात आंघोळ करून घरी ये. तरी तुहा पदर नाकालेच. शेवटी म्हने, तिले कशाले तरास, मी बाहीरच झोपतो." तिने डोळे पुसले. "खरं सांग वयनी. येत व्हता का तुले त्याचा वास?"

बेबाबाईने आठवून पाहिलं. तिने खरंच प्रयत्न केला. चीक, बिडी, ओला सदरा, तापात घामेजलेली उशी. काही सापडेना. बारा वर्षं नाकात एकच वास होता, आणि त्याच्या आधीचंही सगळं त्याने पुसून टाकलं होतं. एवढा संसार केला, त्या माणसाचा वास कसा होता तेही तिला आता ठाऊक नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मले त्याचा वास कधी आलाच नाही."

लताबाईने रसाचे हात पदराला पुसले.

"येवढंच सांगाचं व्हतं त्याले," ती म्हणाली.