खडूने लिहिलेला हुद्दा

चांगल्या बातमीकडे आमच्या मोठ्या बाबूंइतक्या संशयाने पाहणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कचेरीत त्यांच्या समोरच्या टेबलावर मी बारा वर्षं काढली. कुणी बढतीचा पेढा आणला की ते आधी देणाऱ्यालाच अर्धा खायला लावत. नवी खुर्ची आली तेव्हा पहिले तीन दिवस तिच्यावर मला बसवलं. साहेबांनी एकदा चारचौघांत त्यांच्या कामाची तारीफ केली, तर हे दुपारभर जुन्या फायली उपसत बसले. "आपल्या हातून काहीतरी चुकलं हाय बावा," ते म्हणाले, "नाही तं साहेब एवढं गोड काहून बोलून राहिले?"

या स्वभावाचं मूळ त्यांच्या टेबलावरच्या लाकडी पाटीत होतं. तिच्यावर नाव ऑइलपेंटने, आणि खालचा हुद्दा मात्र खडूने. तरुणपणी त्यांना तात्पुरतं अधीक्षक नेमलं, तेव्हा त्यांनी हौसेने पेंटरकडून हुद्दा रंगवून घेतला होता. कोंढ्याहून सासरची माणसं पाटी बघायला आली. चौथ्या महिन्यात मूळ पदावर परतीचा आदेश आला आणि तोच पेंटर पत्र्याच्या तुकड्याने अक्षरं खरवडत बसला. सगळी कचेरी चहा पीत बघत होती. तेव्हापासून खडू. पुढे आणखी दोनदा ते वर चढले, दोनदा खाली आले. दर वेळी स्वतःच ओल्या फडक्याने हुद्दा पुसायचा, दुसरा लिहायचा आणि कामाला लागायचं. ना रजा टाकली, ना कुणाशी बोलणं सोडलं. त्यांचं हे न रुसणं मला त्यांच्या संशयापेक्षाही विचित्र वाटे.

निवृत्तीला सात महिने उरले असताना अधीक्षकपदाची पक्की बढती आली. उभी नोकरी याच कागदाची वाट पाहिलेला माणूस! त्यांनी आदेश उजेडात धरला, सही जुन्या सहीशी ताडून पाहिली, जावक क्रमांक खरा आहे ना म्हणून वरच्या कचेरीत दोनदा फोन लावला. मग खडूच उचलला.

"मोठे बाबू, आता तरी पेंटर बोलावू?" मी विचारलं.

"थांब ना गा. मले काही घाई नाही."

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी ते घरी गेल्यावर, त्यांना न विचारता, मी पेंटर आणला. सकाळी ते आले आणि पाटीपाशी थबकले. बोट ओलं करून त्यांनी हुद्द्यावर घासलं. पुन्हा घासलं. अक्षर हललं नाही.

"आज काहून लिहिलं रे बापा?" त्यांनी विचारलं. "आज तं मी जाऊन राहिलो."

हे काम सात महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

पाटी आता त्यांच्या घरी टीव्हीशेजारी असते. मागच्या महिन्यात गेलो, तर ते आंघोळीला गेलेले. काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, रोज सकाळी बोट ओलं करून घासून पाहतेत, पुसते का म्हणून."

काकू चहा करायला आत गेल्या. मी उठलो, बोट ओलं केलं आणि हलकेच त्या अक्षरांवरून फिरवलं. पक्कं होतं.