मंगेशच्या मुलीचं जावळ

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर मला निरोप द्यायला घरातले सहाजण आले होते. बारावी करून मी अमरावतीला निघाले होते, राजापेठेतल्या क्लासला. माय म्हणाली, "शिकाले चालली म्हणून आमाले विसरू नको." बाबा फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानातून तसेच ग्रीसच्या हातांनी आले होते. माझा धाकटा भाऊ मंगेश तेव्हा बारा वर्षांचा. तो खिडकीखाली उभा राहून हातांनी मला काहीतरी सांगत होता. बराच वेळ सांगत होता. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. मी नुसती मान हलवली आणि बस सुटली.

मंगेशला जन्मापासून ऐकू येत नाही. अमरावतीच्या निवासी शाळेत तो खुणांची भाषा शिकला होता आणि सुट्टीत घरी आला की त्याचे हात थांबायचे नाहीत. आमच्या घरात मात्र खुणा सात-आठच: जेव, पाणी, झोप, इकडं ये, मार देईन. भरलेलं घर, दिवसभर बडबड, आणि या पोराच्या वाट्याला एवढंच. मीही त्यातलीच, हे कबूल करते.

तो तान्हा असताना सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. पोळ्याच्या दिवशी दारासमोर डफडं वाजायचं, गल्लीतली सगळी लेकरं रडून उठायची, आणि मंगेश मायच्या मांडीवर गाढ. बायका म्हणायच्या, किती गुणी पोरगं आहे. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा माय दबक्या आवाजात म्हणाली की एकदा अकोल्याला दाखवू. बाबांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा. घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "याचा बाप बी चार वर्साचा झाल्यावर बोलला. आपल्या घरचे पोरं उशिराच बोलतेत. कावून घाई करून राह्यली?" विषय संपला. बाबा खरंच उशिरा बोलले होते, आणि तेवढ्या पुराव्यावर माझ्या भावाची चार वर्षं गेली. शाळेच्या मास्तरांनी परत पाठवला तेव्हा कुठे त्याला अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलात. मोठेबाबा घरी येऊन म्हणाले, नशीब.

पुढे पुण्यात ऑडिऑलॉजी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचं शास्त्र, शिकताना मानवी विकासाचा एक पेपर होता. जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे टप्पे, कोणत्या महिन्यात मूल मान धरतं, कधी आवाजाकडे वळतं, कधी पहिला शब्द बोलतं. एका तासाला मॅडम शांतपणे सांगत होत्या की भाषा रुजण्याचा एक काळ असतो. पहिली तीन-चार वर्षं. त्या काळात मेंदूला भाषा मिळाली नाही, मग ती बोललेली असो की हातांची, तर ती उणीव पुढे पूर्ण भरून निघत नाही. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मला वर्गात बसवेना. ज्याला आम्ही नशीब म्हणत होतो, ते पुस्तकातल्या दीड पानात लिहिलेलं होतं.

तेव्हापासूनचा हा राग आहे. पुण्यात माझ्या बोलण्यात मधूनच 'मले-तुले' आलं की लोक हसून म्हणतात, तुमची वऱ्हाडी किती छान, पण रागावल्यासारखी वाटते. अहो, मी रागावलेलीच असते. आमचे इकडे आलेले लोक एकत्र जमले की गावाच्या आठवणींनी गहिवरतात, तिकडची माणसं किती मायाळू म्हणतात. मायाळू आहेतच. मंगेशला कोणी कधी उपाशी ठेवलं नाही. पण त्याच्याशी बोलायला कोणी शिकलं नाही, आणि हे म्हटलं की तुम्ही मलाच कडू म्हणता.

मंगेश आता एकोणतीस वर्षांचा आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात मशीनवर असतो. त्याची बायको सविता त्याच्याच शाळेतली, तिलाही ऐकू येत नाही. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, जुई. पहिल्याच महिन्यात तिची तपासणी करा म्हणून मी फोनवर मायपाशी घसा कोरडा केला. साधी गोष्ट असते. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला वायरी चिकटवतात आणि कान काय पकडतात ते कळतं. मोठेबाबांनी फर्मान काढलं, "जावळ झाल्याबिगर लेकराच्या डोक्याले वायरी लावू द्याच्या नाईत." आणि जावळ दिवाळीनंतर, कुलदैवताला, कारण सुरतेची भावकी तेव्हाच येते. म्हणजे जुई सव्वा वर्षाची होईपर्यंत सगळं थांबलं. मंगेशला याची बातमी दोन खुणांत दिली गेली: थांब, नंतर. माय मला म्हणाली, "तू शिकली म्हणून आता आमाले शिकवतं काय?"

जुईला आठवा महिना लागला तेव्हा मी रजा टाकून निघाले. मोठेबाबांना काय काय सुनवायचं ते गाडीतच ठरवलं होतं. तेल्हाऱ्याला जाण्याआधी सकाळी नांदगाव पेठेला मंगेशच्या खोलीवर पोचले तर सविता पिशवी भरत होती, आणि तिच्या कडेवर जुई. डोक्याचा पार गोटा. मंगेशने आदल्या दिवशी सलूनमध्ये नेऊन तिला मांडीवर बसवलं आणि जावळ उरकून टाकलं होतं. त्याने मला खुणेने सांगितलं: जावळ झालं, चल. ठरवून आणलेलं भांडण माझ्या तोंडातच राहिलं.

अमरावतीच्या दवाखान्यात जुई झोपली, गोट्यावर वायरी लागल्या. पडद्यावरच्या रेषा मला वाचता येतात. दोन्ही कानांत दोष होता, बऱ्यापैकी मोठा. मंगेश मशीनकडे बघतच नव्हता, तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने एकच विचारलं: उशीर झाला?

पुण्यात उशिरा शिकलेल्या खुणांनी मी हातांनीच सांगितलं, नाही. कानाचं मशीन लवकर बसवू. आणि हातांची भाषा तर तिला पहिल्या दिवसापासून मिळते आहे. तिच्या आईबापांनी ती दिली, कोणाला न विचारता. मंगेश भिंतीकडे तोंड करून रडला.

दुपारी मायचा फोन आला, जावळाची बातमी तिला पोचली होती. आधी विचारलं, "जावळाचे केस कुठी टाकले?" मग, "पोरीले ऐकू येते काय?" मी सांगितलं, नाही, पण मशीन लावल्यावर येईल. ती म्हणाली, "मंगेशच्या वेळेस मले समजलं होतं. पोळ्यालेच समजलं होतं. पन माह्यं कोन ऐकलं असतं?"

क्लिनिकमध्ये मी रोज कुठल्या ना कुठल्या आईला सांगते, तुमची चूक नाही. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं. पण एवढी वर्षं ती समजून गप्प बसली होती, आणि मला ते म्हणवलं नाही. मी ठेवते म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर कुलदैवताला सगळे जमतील. मोठेबाबा जे बोलायचं ते बोलतील. मीही असणार आहे तिथे. तेल्हारा सोडून सतरा वर्षं झाली, पुण्यात माझं दार आहे, दारावर माझी पाटी आहे. तरी कोणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी तेल्हाराच सांगते. एवढा राग मला दुसऱ्या कुठल्याच घराचा येत नाही.