नर्सबाई बर्फाच्या मुलखात निघाल्या

मुलांनो, मिरजगावच्या नर्सबाई दसरा झाला की स्वेटर चढवत, तो होळीपर्यंत अंगावरून उतरत नसे. गाव हसे. आणि हीच बाई कॅनडाच्या पार उत्तरेला जायला निघाली, म्हणून तुम्हाला तिची गोष्ट सांगते.

मोठ्या दुष्काळाची ती वर्षे. मदतकार्यासाठी आलेल्या तिकडच्या एका संस्थेला दूरच्या बर्फाळ वस्त्यांवर नर्सेस हव्या होत्या. दोन वर्षे वस्तीची सेवा केली की कायमचे राहता येणार होते. नर्सबाई विधवा, घरी सासू आणि आठ वर्षांची सुमन. मी कर्जतला शाळेत इंग्रजी शिकवत असे. रविवारी त्या माझ्याकडे बोलण्याचा सराव करायला येत. एकदा शिंकतच आल्या. नगरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्यांशेजारी बसून आल्या होत्या!

"सवय नको का करायला, मास्तरीणबाई? जमतंय," म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

मुलाखतीत साहेबांनी सांगितले, पहिले वर्ष मूल नेता येणार नाही. बाई उठल्या. "मग दुसरी नर्स बघा," असे शांतपणे म्हणून दारातल्या चपला घालू लागल्या. साहेबांनी आपसात विचार करून त्यांना परत बोलावले. सुमनला परवानगी मिळाली.

सासूची मात्र मिळेना.

"तुला जायचं तर जा. पोरगी देनार न्हाई. माज्या लेकाची तेवढीच खूण हाय."

"आत्या, तिला शिकवायचंय मला. तुमी बी चला."

"म्या? आन् म्हस चाऱ्याच्या छावनीत हाय, ती काय तुजा बाप बघनार?"

महिनाभर हेच. बाई भांडल्या नाहीत, पण सुमनचे कपडे शिवून घ्यायचे थांबवलेही नाहीत. "तिच्याशिवाय मी जायची नाही, आणि गेल्याशिवाय राहायची नाही," असे मला म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर पोचले. एसटी लागली होती. बाई सामानाशी एकट्याच उभ्या. सुमनला आजीने घरीच धरून ठेवले होते. कंडक्टर घाई करत होता. बाई म्हणाल्या, "तिला आणल्याशिवाय गाडीत बसत नाही," आणि गावाकडे वळल्या.

तेवढ्यात समोरून म्हातारी आली. एका हाताला सुमन, दुसऱ्या हातात खण आणि कापडी पिशवी. पिशवीत रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो. तांदूळ तेव्हा कुणाच्या घरी होता?

"पदर पसर," ती सुनेला म्हणाली.

विधवेची ओटी आपल्याकडे भरत नसत. स्टँडवरची एक बाई बोललीच, "म्हातारे, ही रीत न्हाई!"

"रीत मला नगं सांगूस. लेक चाललीय माजी."

महिनाभरात एकदाही न वाकलेल्या नर्सबाई धुळीत गुडघे टेकून बसल्या. म्हातारीने ओंजळी ओंजळीने ओटी भरली. मग सुमनला उचलून स्वतःच गाडीच्या पायरीवर ठेवले आणि कंडक्टरला ओरडली, "आता कशाला थांबलास? हान की गाडी!"