डावा कोपरा नीलम्माचा

एकोणीसशे ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला. कचेऱ्यांवरच्या पाट्या अजून रंगवून व्हायच्या होत्या, तेव्हाच आमच्या कॉलेजच्या मैदानावर जिल्ह्याचा पहिला महिला कबड्डी संघ निवडायला घेतला. त्या वर्षी पावसानं मधेच पाठ फिरवलेली. मैदानावर शिंपडायलाही पाणी नव्हतं. पडलं की कोपर सोलून निघायचं.

मी, इंदू, वकिलाची मुलगी. आधी दोन वर्षं उस्मानाबादच्या संघात खेळलेली, त्यामुळं कर्णधार मीच होणार हे जवळजवळ ठरलेलं. नीलम्मा माझ्याच वर्गात होती. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. थोरल्या भावाचं लातुरात भुसार दुकान, म्हणून शिकायला आलेली. तिच्या उजव्या हाताला पहिली दोन बोटं नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तिची अव्वा, म्हणजे आई, शरणम्मा, सरकारी कामावर खडी फोडायला जायची. अकरा वर्षांची नीलम्मा दगड धरून बसायची. एकदा हातोडा हुकला. जखम भरल्यावर ती परत कामावर गेली, तर मुकादमानं असल्या हाताची पोर नको म्हणून हाकललं. ती घरी गेली नाही. संध्याकाळपर्यंत डाव्या हातानं खडी फोडत बसली, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं गुमान तिला कामावर घेतलं. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

निवडीच्या दिवशी ती डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. चढाई करणारीचा घोटा पकडायचा तो कोपऱ्यातल्या खेळाडूनं, आणि घोटा पकडायला पंजा लागतो. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी तिचा हात पाहिला आणि पकड कशानं करणार म्हणून विचारलं. ती म्हणाली, तुमची सगळ्यात चांगली पोरगी चढाईला पाठवा. मीच गेले. तीनदा गेले, तिन्हीदा तिनं मला खाली पाडलं. घोट्याला तिनं हातच लावला नाही. मी पाय टाकायच्या आधीच ती माझ्या कमरेला बिलगलेली असायची. तरी त्या गृहस्थांनी तिचं नाव राखीव खेळाडूंतच लिहिलं.

आमचे प्रशिक्षक किशनराव सर जुन्या वळणाचे. हातात हात घालून साखळी धरायची, चढाई करणारी आत आली की मगच हलायचं, ही त्यांची शिकवण. नीलम्मा आधीच सुटायची. सर चिडायचे, मीही चिडायचे. एकदा मी तिला विचारलं की तुला आधी कळतं कसं?

"ऐकून," ती म्हणाली. "कबड्डी कबड्डी म्हणून राहिलीस ना, लाथ मारायच्या आधी तुझा ‘ड्डी’ तुटतोय. मग खांदा उतरतोय. पाय लई मागून येतोय. पायाची वाट बघत बसले तर मला धरायला बोटं कुठं हायत?"

मला ते पटलं नाही. मी कर्णधार होते आणि मला साखळी हवी होती.

डिसेंबरात आम्ही अहमदपूर, लोह्याच्या रस्त्यानं एस.टी.नं नांदेडला गेलो. नांदेडचा संघ मुरलेला. रेल्वे क्वार्टरमधली विशाखा नावाची त्यांची उंच मुलगी चढाईला आली की आमच्या दोघी तरी बाद व्हायच्या. प्रेक्षक आम्हाला "नवा जिल्हा, नवा जिल्हा" म्हणून चिडवत होते. मध्यंतराला आम्ही सात गुणांनी मागं होतो आणि आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीचा पाय मुरगळला. नाइलाजानं सरांनी नीलम्माला उतरवलं.

पहिल्याच चढाईला ती साखळी सोडून पुढं गेली. विशाखानं अंग चोरलं, तिला शिवलं आणि परतली. नीलम्मा बाद. आम्ही एक पकड केली तशी ती परत आत आली आणि पुन्हा तसंच झालं. लोक हसले. ती तिसऱ्यांदा आत आली तेव्हा सरांनी बाहेरून तिला मध्ये उभं राहायला सांगितलं. मीही तेच सांगितलं, जरा जोरातच.

ती जागची हलली नाही. "दोनदा चुकले, हाव. तिचा दम मला आता कळलाय. मी कोपऱ्यातच राहणार. न्हाई तर बाहेर काढा."

पंच शिट्टी तोंडात धरून थांबले होते. मी सरांकडं पाहिलं नाही. नीलम्माला म्हणाले, "रहा. पण जाशील तेव्हा माझा हात ओढ, मी तुझ्यामागं येते."

विशाखा आली. तिचा आवाज मला तरी सरळच वाटत होता. एकाएकी नीलम्मानं माझा हात हिसकला आणि ती सुटली. मी मागोमाग झेपावले. विशाखाचा पाय अजून जमिनीवरच होता. नीलम्मानं कोपरांनी तिच्या मांड्यांना विळखा घातला, मी कंबर धरली आणि तिचा दम गेला. नंतर ती चार वेळा आली. त्यातल्या तीन वेळा नीलम्मानं तिला तिथंच बसवलं. चौथ्या वेळी विशाखा आमच्या अंगणात घुटमळून कुणालाही न शिवता परत गेली. प्रेक्षकांचं चिडवणं तोवर थांबलं होतं. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. किशनराव सर स्वतःच्या पिशवीतली हळद काढून तिच्या कोपरांवर दाबत बसले.

विभागाच्या संघासाठी नावं पाठवायची होती. निवड समितीच्या त्याच गृहस्थांनी यादी केली. तीत माझं नाव होतं, तिचं नव्हतं. हाताचा प्रश्न वर कुणीतरी काढेल, म्हणाले. यादीवर कर्णधाराची सही लागायची. मी पेन खाली ठेवलं. ते समजावत राहिले, मग रागावले, वडिलांना सांगेन म्हणाले. मी म्हटलं, सांगा. तासाभरानं त्यांनी नाव घातलं. नीलम्मा विभागाकडून तीन वर्षं खेळली.

पुढं ती निलंग्याकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली आणि निवृत्त होईपर्यंत मुलींचे संघ घडवत राहिली. मध्यंतरी एका संस्थेनं तिचा सत्कार ठरवला. मला बरोबर घेऊन गेली. मानपत्रावर ‘अपंगत्वावर मात करणारी खेळाडू’ असं छापलेलं. तिनं व्यासपीठावरच ते वाचलं आणि परत दिलं.

"मी घोटा न धरता पकडी केल्या. तो माझा खेळ होता," ती माइकवर म्हणाली. "कशी केली पकड ते लिहा, मग घेते."

शाल तेवढी घेतली, कारण थंडी होती. परतताना एस.टी.त ती माझ्याशी पायाच्या आधी उतरणाऱ्या विशाखाच्या खांद्याबद्दलच बोलत होती.