सेनापतीचा उतरलेला खांदा

जानकीबाईचा नवरा केसरीनाथ २००५च्या पुरात खाडीत गेला तो गेलाच. प्रेत हाती लागलं नाही, म्हणून दोन वर्षं उलटली तरी बाईच्या कपाळावर कुंकू होतं. लोक बोलायचे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! धाकटा दीर दाजी मात्र घरी येऊन विनवायचा, "वयनी, दर्भाचा पुतला करून जालू. बापाचं कार्य झाल्याबिगर तुज्या पोरीला, उन्नतीला, सोयरे मिलनार न्हाय."

"जिता मानूस जालू?" ती विचारायची. दाजी खाली मान घालून निघून जायचा.

नारपोलीच्या ज्या शिलाई कारखान्यात ती कामाला होती, तिथे परदेशी नाटकांचे कपडे शिवत. त्या हिवाळ्यात ऑर्डर आली ती रोमन सेनापतींच्या पोशाखांची, तेही साम्राज्याला उतरती कळा लागल्यानंतरच्या. पोरींना वाटलं, पत्र्याचं चिलखत असेल. निघाला लांब बाह्यांचा पांढरा अंगरखा, खांद्यांवर आणि गुडघ्यांपाशी जांभळ्या नक्षीच्या गोल चकत्या, कमरेला रुंद पट्टा. वरून भलामोठा झगा, उजव्या खांद्यावर पिनेने अडकवायचा, म्हणजे तलवारीचा हात मोकळा. "हा लढायला चाललाय की लग्नाला?" म्हणून पोरी खिदळल्या.

जानकीबाईने बेतलेला पहिला अंगरखा डमीवर चढला आणि तिने नकळत पदर सावरला. मग दुपारभर पाठीशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत राहिलं. वळून पाहावं, तर तोच. हसू नका, भर उजेडात, मशीनींच्या खडखडाटात बाईच्या अंगावर काटा आला होता.

संध्याकाळी चिंतामणी मास्तर तपासायला आले. "जानकीबाई, उजवा खांदा उतरलाय. मापाचा कागद नव्हता पाहिलात?"

तिने पाहिलं. केसरीनाथने जन्मभर खाडीतून रेतीच्या बादल्या ओढल्या होत्या. त्याचा उजवा खांदा असाच उतरलेला होता, आणि लग्नापासून त्याचे सदरे तीच बेतत आली होती.

"मास्तर, ह्ये असलं कापड पयलं कुठं घावलं?"

"वाळवंटात, थडग्यांमध्ये. ज्यांना कपड्यांसकट पुरलं, त्यांचेच टिकले. बाकीच्यांचं काही उरलं नाही."

केसरीनाथच्या अंगावर तर कोणी कापडही घातलं नव्हतं. मग तो बिघडलेला अंगरखा तिने मागून घेतला, आणि घरी जाताना दाजीच्या दारात थांबून म्हणाली, "दर्भ आन."

खाडीकाठी पुतळा निजवला. दाजीने कोरं कापड पुढे केलं, ते तिने बाजूला सारलं आणि पिशवीतून अंगरखा काढला.

"वयनी, यो कसला झगा?"

"गप. त्याच्याच मापाचा हाय."

बाह्या चढवल्या, पण अंगरखा नीट बसेना. तिने उजव्या खांद्याची दर्भाची जुडी तळहाताने थोडी खाली दाबली. मग मात्र तो बरोबर बसला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती ऊर फुटेस्तोवर रडली.

"लाव आता," ती म्हणाली.