तीन जानेवारीचा ऊस

माझी आत्या भांडणाला कधी मागं हटली नाही. एकदाच हटली, आणि तेव्हा समोर मी होते. तीस-पस्तीस वर्षं झाली, पण संगणकाचा पडदा बंद करताना काळ्या काचेत मागचं दार दिसलं की मी अजून एकदा वळून बघते.

आत्या लोहाऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दीड एकर जमीन आणि एक विहीर. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडली होती. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते वाकडंच परत आलं. त्यानंतर तिनं ठरवलं होतं की पुन्हा खडी फोडायची नाही. साखर कारखाना निघाला तेव्हा ती सभासद झाली, दीड एकरात ऊस लावला आणि विहिरीला जीव लावून बसली.

त्या काळी ऊसतोडीची पाळी कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या कारकुनाच्या वहीवर ठरायची. लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख वहीत, आणि त्या तारखेप्रमाणं तोड. निदान कागदावर तसं. प्रत्यक्षात वहीतल्या ओळी कारकुनाच्या मर्जीनं वरखाली व्हायच्या आणि आमच्या वस्तीतल्या लोकांच्या नेहमी खालीच जायच्या. एका हंगामात आत्यानं हे ओळखलं. ती सकाळी जाऊन कारकुनाच्या टेबलासमोर फतकल मारून बसली.

"बाई, उठा. लोकं खोळंबलेत," कारकून म्हणाला.

"माझा ऊस तुमच्याआधी खोळंबलाय साहेब. तुमी वही काढा, आपुन दोघं मिळून वाचू."

"तुम्हाला वाचता येतं का?"

"मला येत न्हाय. तुमाला येतंय ना? मग मोठ्यानं वाचा. सगळी ऐकतील."

दुपारपर्यंत तिला तोडीची चिठ्ठी मिळाली. ही गोष्ट वस्तीत बायका वर्षभर सांगत होत्या, दर वेळी कारकुनाचा आवाज आणखी बारीक करत.

मी मॅट्रिक झाले, उमरग्यात टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. आत्या त्याच कारखान्याची सभासद. चार वर्षांनी तिथं संगणक आला. पुण्याहून एक माणूस शिकवायला आला होता. टाइप येणारी मी एकटीच, म्हणून मशीन माझ्या ताब्यात आलं. धूळ चालत नाही म्हणून त्यासाठी काचेची खोली बांधली, दारात चपला काढायचा नियम झाला, आत फक्त मी आणि आमचे शेतकी अधिकारी साहेब. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर त्यालाही झेंडूचा हार पडला. हळदीकुंकू मात्र मी वाहू दिलं नाही. पुण्याच्या माणसानं फ्लॉपीच्या फटीत कणसुद्धा जाता कामा नये असं बजावलं होतं. हिला देवधर्म नाही म्हणून अडवते, असं दोघे-तिघे पुटपुटले. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं.

ऑफिसातल्यांनी त्या मशीनचं नाव चिंतामणी ठेवलं. तुळजापूरच्या देवळात तो गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे, दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. एकदा विचारलं की संपलं. उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा हात ठेवायचा नसतो. नाव थट्टेनं ठेवलं, पण शेतकरी थट्टा करत नव्हते. कारकुनाच्या टेबलावर मुठी आपटणारी माणसं काचेच्या दारात चपला काढायची, आवाज खाली आणायची, मी पडद्यावर बघून सांगितलेली तारीख ऐकायची आणि मान डोलवून जायची. माझं काम सोपं झालं. मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यात मी भर घातली. आत्याच्या गावच्या वस्तीत जाऊन मी सांगितलं, "आता वही गेली. मशीनला जात कळत नाही, भावकी कळत नाही, कुणाचा फोन आला ते कळत नाही. तारीख घालायची, पाळी बाहेर येते." आत्या समोर बसून भाकरी थापत होती. आमच्या लोकांनी देव सोडले तेव्हा ती विशीत होती. घरातले देवांचे टाक तिनं स्वतः नदीत टाकले होते. चिंतामणीवर हात ठेवायला तिला कधी कुणी आत घेतलंच नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजी आता भांडायचं काम न्हाय."

"नाही."

"बरं झालं माय. घसा लई दुखतोय."

वह्यांतल्या तारखा मशीनमध्ये घालायला मला दोन महिने लागले. मशीन परदेशी पद्धतीचं, त्याला आधी महिना लागायचा आणि मग दिवस. आपण आधी दिवस लिहितो. पुण्याच्या माणसानं हे मला दोनदा सांगितलं होतं आणि मी ते पाळतही होते. एका दुपारी वीज सारखी जात-येत होती आणि आत्याच्या गावाचं शेवटचं पान राहिलं होतं. ते मी घाईनं, वहीत दिसेल तसं घातलं. जिथं दिवस बारापेक्षा मोठा होता तिथं मशीन ओरडलं, तेवढ्या ओळी मी सुधारल्या. जिथं बाराच्या आत होता तिथं ते काही बोललं नाही. असल्या ओळी तीन-चारच होत्या. आत्याची लागण तीन जानेवारीची. मशीननं ती एक मार्चची धरली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. गाळप सुरू झालं आणि त्याच गावातला एक मोठा बागायतदार ऑफिसात आला. त्यानं चपला काढल्या नाहीत. दार ढकलून आत आला.

"माझी लागण एप्रिलची म्हणतं व्हय हे? लागणीच्या दिवशी ही मशीन माझ्या शेतात आली होती का, बेणं मोजायला?"

शेतकी अधिकारी मागोमाग धावत आले. "मालक, बसा. बाई, मालकांची तारीख चार जानेवारी करा."

मी केली. मनात म्हटलं, हा बघा, मशीन आलं तरी यांची पाळी वर जातेच. पडद्यावर चार आणि एक हे आकडे होते, मी ते एक आणि चार केले. दोन आकडे माझ्या डोळ्यांसमोर जागा बदलून उभे राहिले आणि मी बघितलं नाही. रागात होते. वही तीन हातांवर कपाटात होती. ते पान उघडलं असतं तर पुढच्या ओळी दिसल्या असत्या. मला वाटलं तो खोटं बोलतोय आणि मशीन खरं.

संक्रांतीच्या आधी आठ दिवस आत्या आली. चपला काढून काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. आत ये म्हणून मी खूण केली, ती आली नाही. मीच उठून दार उघडलं.

"आत्या, काय काम काढलं?"

"पाळी कवा हाय तेवढं बघ. विहीर संक्रांतीपत्तुर पुरंल, लई तर अजून आठ दिस."

मी बघितलं. "मार्चअखेर दाखवतंय."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं, ते मला स्पष्ट आठवतं. आपण कधी लावला ते तिला ठाऊक होतं. बेण्याची गाडी कुणाची होती, त्या दिवशी वारा कुठून होता, सगळं ठाऊक होतं. कारकून असता तर तिनं त्याला घाम फोडला असता. ती माझ्याकडं बघत होती, मग माझ्या खांद्यावरून पडद्याकडं.

"मशीन म्हणतंय?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे."

"आत्या, तुम्ही लावला कधी होता?" एवढं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं ते असं, "चहा घेता का?" ती नको म्हणाली. एसटी गाठायची होती.

फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसला. मार्चअखेर ऊसतोडीची टोळी तिच्या शेतात गेली आणि कोयते न काढता परत आली. वाळलेल्या, पोकळ उसाला हात लावायला मुकादम तयार नव्हता. टोळीबरोबर गेलेल्या कारखान्याच्या माणसानं चिठ्ठीवर "ऊस तोडण्यायोग्य नाही" असं लिहून ती माझ्याकडं नोंदीला आणून दिली. तेव्हा मी कपाट उघडलं. जांभळ्या शाईत, कारकुनाच्या तिरक्या अक्षरात, ३-१. मग त्या पानावरच्या उरलेल्या दोन ओळी तपासल्या. त्यांचा ऊस उन्हाआधीच जनावरांना गेला होता. त्यांनीही कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी मी आत्याच्या गावी गेले. शेतात ऊस उभाच होता, पांढरा. वारा नव्हता तरी पाती एकमेकांवर घासत होती, कुणीतरी आत हळूहळू चालत असल्यासारखी. मी बांधावरून हाक मारली. आतून कुणी आलं नाही आणि आवाज थांबलाही नाही. मी घाबरणारी बाई नाही. पण त्या शेतात मी पाय ठेवला नाही, आणि त्या दिवसानंतर बंद पडद्यात मला दाराबाहेरचं कुणीतरी दिसू लागलं. वळून बघावं तर खुंटीवर शिपायाचा सदरा असायचा.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "आत्या कामावर गेल्यात. रस्त्याच्या."

परतीच्या एसटीतून ती मला दिसली. रस्त्याकडेला खडीचे ढीग, पाच-सहा बायका, डोक्याला फडकी. मी कंडक्टरला थांबवायला सांगितलं. तो कुरकुरला, दोन मिनिटं म्हणाला. मी उतरून तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आत्या, चूक माझी आहे. तुमची तारीख मी उलटी घातली. पाळी जानेवारीतच होती."

तिनं हातोडी खाली ठेवली. शेजारच्या बाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हळू बोल."

"मी साहेबांना लेखी देते. सगळ्यांसमोर सांगते."

"काय सांगतीस? ऊस उठून उभा ऱ्हाणार हाय का?" तिचा आवाज अगदी खाली होता, तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आमच्या पोरीच्या हातात मशीन हाय म्हून गावभर सांगितलंय म्या. ह्या बायकांनी त्याच्यावर पोरी शाळेत घातल्यात. तू गप ऱ्हा."

"पण तुम्ही विचारलं का नाही? तुम्हाला तर माहीत होतं."

"व्हय, माहीत व्हतं." तिनं फडकं सारखं केलं. "वाटलं, तू बसलीयास तिथं. आता कशाला इचारायचं."

कंडक्टरनं घंटी मारली. ती म्हणाली, "जा, गाडी जाईल."

मी जाऊन खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा आत्या शेजारच्या बाईला हातोडीनं खिडकी दाखवत काहीतरी सांगत होती. ती बाई मान वर करून माझ्याकडं बघत हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. त्यांना काय सांगितलं ते मला कळलं. मी साहेबांना लेखी दिलं नाही.