शेवटच्या चाचणीला आलेल्या मावशी

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर गुमास्ता लायसन्सची फ्रेम होती. अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, बाजूला छपाईचा कारखाना. येणारी माणसं ती फ्रेम बघून समाधानानं मान हलवायची आणि म्हणायची, "चला, सरकारी परवाना आहे म्हणजे." तो परवाना दुकान उघडण्याचा होता. पॉलिग्राफ चाचणी घेण्याचा परवाना आपल्याकडे कुणी देतच नाही, कारण तसा कायदाच नाही. सरकारी प्रयोगशाळेत काम करायचं तर मानसशास्त्राची पदवी लागते, वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी लागते. खाजगीत मात्र कुणीही मशीन घ्यावं, थोडे दिवस कुठेतरी शिकावं आणि पाटी लावावी. मला याचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

आमचे सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कायदा जे मागत नव्हता ते सगळं ते आमच्याकडून मागायचे. एम.ए. झालेलं असल्याशिवाय उभं करायचे नाहीत. आधी कित्येक महिने नुसतं वाचन. मग स्वतः त्या खुर्चीत बसायचं, छातीभोवती नळी, दंडाला पट्टा, बोटांना घाम मोजणाऱ्या पट्ट्या, आणि समोर आपल्याच वर्गातला मित्र प्रश्न विचारतोय. "खुर्ची माहीत नसलेल्यानं खुर्चीत कुणाला बसवू नये," असं ते म्हणायचे. मला कॉलेजात कधी कॉपी केलीस का, एवढंच विचारलं होतं. केलेली नव्हती, तरी माझे कान तापले.

त्यानंतर सरांच्या देखरेखीखाली खऱ्या चाचण्या. प्रत्येक चाचणीचा आलेख दुसरा एक जण वाचायचा, ज्यानं त्या माणसाला पाहिलेलंही नसायचं. त्याचा निष्कर्ष आणि आपला निष्कर्ष जुळला तरच ती चाचणी हिशेबात धरली जायची. ठरलेल्या चाचण्या पुऱ्या झाल्या की सरांच्या सहीचं सर्टिफिकेट. त्या सहीवर मला एका तपास कंपनीत नोकरी जवळजवळ मिळालेली होती. भांडुपला घरी तर ती मिळाल्यासारखंच वातावरण होतं. शेजारच्या काकू येता-जाता म्हणायच्या, "आमच्या ह्यांना बसव की एकदा मशीनवर, रविवारी कुठे जातात ते तरी कळेल." मी म्हणायचे, "काकू, नको. उत्तर आलं तर तुमचीच वाट लागेल."

माझी शेवटची चाचणी राहिली होती, तेव्हा मढच्या एका बंगल्याचं काम आलं. बंगला शूटिंगला भाड्यानं जायचा. एका शूटिंगमध्ये कॅमेऱ्याची महागडी लेन्स गेली. किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्यांना मालकांनी आमच्याकडे पाठवलं. त्यातल्या एक म्हणजे बंगल्याची झाडलोट आणि राखण करणाऱ्या मावशी. पन्नाशीच्या. मूळच्या जालन्याकडच्या, पण मुंबईत हयात गेलेली. बंगल्यामागच्या खोलीत त्या आणि अंथरुणाला खिळलेला नवरा, दोघंच राहायचे. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती.

चाचणीआधी संमती घ्यावी लागते. मी त्यांना नीट समजावलं की ही चाचणी सक्तीची नाही, तुम्ही नाही म्हणू शकता.

"नाही म्हटलं तर खोली राहील ना?" त्यांनी विचारलं.

मी संमतीचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली. मला त्या सहीची लाज वाटली, पण मी कागद बाजूला ठेवला आणि काम सुरू केलं.

आधी सरावाची चाचणी असते. एक आकडा मनात धरायचा, कागदावर लिहून मला दाखवायचा आणि मी विचारत जाईन त्या प्रत्येक आकड्याला 'नाही' म्हणायचं. म्हणजे खोटं बोलताना रेघ कशी हलते ते दोघांनाही दिसतं. मावशींनी पाच धरला. मी पाच म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हो, पाचच. तुम्हीच तर आता बघितलात ना." पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कसंबसं 'नाही' म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. मला त्या आवडायला लागल्या होत्या, आणि आमच्या कामात ते बरं लक्षण धरत नाहीत.

मग खरे प्रश्न. आमच्याकडे कुठलाही प्रश्न अचानक टाकत नाहीत, सगळे आधी वाचून दाखवतात. लेन्स तुम्ही घेतलीत का, हा मुख्य प्रश्न. तो वाचला तेव्हा मावशींचा चेहरा उतरला. त्याच्या जोडीला एक तुलनेचा प्रश्न असतो: या आधी आयुष्यात कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीत का? याचं खरं उत्तर सगळ्यांचंच 'हो' असतं, पण बहुतेक जण 'नाही' म्हणतात आणि आत कुठेतरी घाबरतात. ती भीती हे आमचं माप. निर्दोष माणूस या जुन्या प्रश्नाला जास्त घाबरतो, दोषी माणूस मुख्य प्रश्नाला. सगळं शास्त्र या एका गृहीतावर उभं आहे की माणूस थोडंफार लपवणारच.

मावशी म्हणाल्या, "घेतली की."

आणि सांगत सुटल्या. लेक लहान असताना कामाच्या घरातून पेलाभर दूध घेतलं होतं. भाजीवाल्याची नजर चुकवून कोथिंबीर घेतली होती. एका शूटिंगनंतर टाकून दिलेला पडदा न विचारता नेला होता आणि त्याचा नातीला फ्रॉक शिवला होता. बोलताना त्यांचे खांदे सैल पडत गेले. शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. हे कुणाला बोललेच नव्हते."

अशा वेळी काय करायचं ते पुस्तकात दिलेलं आहे. प्रश्नाला 'आता सांगितलंत त्याशिवाय' असं जोडायचं आणि पुढे जायचं. मी तसंच केलं. त्या प्रश्नाला मावशींनी शांतपणे 'नाही' म्हटलं. रेघ जराही हलली नाही, कारण लपवायला काही उरलंच नव्हतं. लेन्सच्या प्रश्नाला मात्र श्वास अडकला, बोटांना घाम सुटला, दर वेळी. नियमानं गुण मांडले तर उत्तर स्पष्ट होतं. बाई खोटं बोलतेय.

आलेख वाचणारा दुसरा जण माझ्याच वर्गातला. तो बाहेर येऊन म्हणाला, "झकास चार्ट आहे यार. सरळ नापास. तुझंही तेच असणार ना?" मी तेच लिहिलं असतं तर जुळलं असतं, सर्टिफिकेट मिळालं असतं, भांडुपला पेढे वाटले गेले असते.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं की मला यातून निष्कर्ष काढता येत नाही.

सर वैतागले. "तुला बाई दिसतेय. मला रेघा दिसतायत. आपण रेघा वाचतो."

"सर, तुलनेचा प्रश्नच मेलाय. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग मी तुलना कशाशी करू?"

आमच्याकडे प्रत्येक चाचणी रेकॉर्ड होते. सरांनी दार लावून घेतलं आणि दूध, कोथिंबीर, पडदा सगळं ऐकलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "तू पुस्तकाप्रमाणे केलंस," ते म्हणाले. "पण पुस्तक अशा माणसासाठी लिहिलेलंच नाही. लिही, निष्कर्ष नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "ही धरता येणार नाही हं तुझ्या हिशेबात."

ती धरली गेली नाही. पुढची चाचणी मिळेपर्यंत तपास कंपनीतली जागा माझ्या त्या वर्गमित्राला गेली. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण त्याहून वाईट पुढे होतं. मालकांनी अहवाल वाचला आणि फोनवर म्हणाले, "म्हणजे पास नाही ना झाली? मग झालं." मी आणि सरांनी आळीपाळीनं समजावलं की निष्कर्ष नाही म्हणजे नापास नाही, आमची चाचणीच या बाईंवर चालली नाही. ते ऐकून घेत होते आणि त्यांचं ठरलेलं होतं.

महिन्याभरानं मावशी ऑफिसच्या दारात उभ्या. खोली गेली होती. नवऱ्याला घेऊन मालाडला नणंदेकडे राहत होत्या. त्यांना अहवाल हवा होता, आणि अहवाल ज्यानं काम दिलं त्यालाच द्यायचा हा नियम. मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि मला सांगता येईल तेवढं सांगितलं. मशीनला काही कळलं नाही, असं लिहिलंय, म्हटलं.

"मशीनला कसं कळणार," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. चहा त्यांनी तसाच धरून ठेवला होता. "मालकांनी मला एकदापण विचारलं नाही, मॅडम. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले. समोर बोलवायचं, विचारायचं, घेतलीस का म्हणून. गाडीत बसवून थेट तुमच्याकडे पाठवलं. तोंडावर विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. तेव्हा छातीत असं धस्स झालं ना."

मला त्या अडकलेल्या श्वासाची रेघ आठवली.

"एक काम करता?" मावशी म्हणाल्या. "आता मशीन नाही काही नाही. परत एकदा विचारा ना."

बाजूला टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज थांबेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "मावशी, लेन्स तुम्ही घेतलीत का?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही, बाळा."